डेबियनचे अपग्रेड अर्ध्यावर अडकते: जुन्या संगणकावर भरून जाणारे बूट पार्टिशन

तालुक्याच्या गावातील एका अभ्यासिकेत पाच जुने डेस्कटॉप संगणक आहेत आणि त्यांची देखभाल २०१९ पासून माझ्याकडे आहे. पाचही संगणकांत कोअर २ डुओ प्रोसेसर आहे; मेमरी काहींत २ जीबी, तर काहींत ४ जीबी आहे. त्या वर्षी त्यांवर डेबियन १० ही लिनक्स प्रणाली बसवली आणि पुढे ११, १२ व आता १३ अशा टप्प्यांनी अपग्रेड करत आणली. या प्रत्येक टप्प्यावर निदान एका संगणकाचे अपग्रेड अर्ध्यावर थांबले आणि स्क्रीनवर दर वेळी एकच संदेश आला: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डिस्कवर १०० जीबीहून अधिक जागा मोकळी असताना संगणक जागा नसल्याचे सांगत होता. त्यामुळे पहिल्या वेळी मी डिस्क खराब झाली असावी असे समजून दोन दिवस भलत्याच दिशेने शोध घेतला.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही संगणकातील सुरक्षा व्यवस्था लागत असल्यामुळे, चांगले चालणारे अनेक संगणक त्यावर नेता येत नाहीत. अशा संगणकांवर आता लिनक्स बसवले जात आहे आणि ते योग्यच आहे. मात्र पहिल्यांदा बसवताना सहसा काही अडत नाही. अडचण येते ती दोन-तीन वर्षांनी, अपग्रेडच्या वेळी, आणि तेव्हा ‘संगणकच जुना झाला’ असा निष्कर्ष काढून तो बाजूला ठेवला जातो. या समस्येचा संगणकाच्या वयाशी थेट संबंध नाही. इन्स्टॉलरने कित्येक वर्षांपूर्वी ठरवलेला बूट पार्टिशनचा, म्हणजे संगणक सुरू होण्यासाठीच्या फाइली ठेवणाऱ्या डिस्कच्या वेगळ्या भागाचा, आकार हे तिचे मूळ आहे, आणि अपग्रेडला हात लावण्यापूर्वी अर्धा तास दिला तर ती उद्भवतच नाही.

पुढे दिलेल्या कमांड उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप कराव्यात. त्यांपैकी बहुतेकींना रूटचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रशासकाचे, अधिकार लागतात. डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड दिला असेल, तर ‘सुडो’ आपोआप मिळत नाही आणि ‘सु’ वापरावे लागते. ‘सु’ नंतर एक जागा सोडून उणे चिन्ह (-) अवश्य द्यावे. ते न दिल्यास रूट होऊनही ‘अपडेट-ग्रब’सारखी कमांड सापडत नाही असा संदेश येतो आणि माणूस नसलेल्या बिघाडाच्या मागे लागतो.

समस्या हीच आहे का, हे आधी पाहावे

टर्मिनलमध्ये ‘डीएफ -एच /बूट’ ही कमांड द्यावी. जी ओळ दिसेल तिच्या शेवटच्या रकान्यात फक्त तिरकी रेघ (/) असेल, तर आपल्या संगणकावर बूटसाठी वेगळे पार्टिशन नाही आणि आपली अडचण दुसरी काहीतरी आहे. शेवटच्या रकान्यात ‘/बूट’ असेल, तर त्याच ओळीतील एकूण आकार आणि वापराची टक्केवारी पाहावी. आमच्या पाचही संगणकांवर तो आकार २३६ एमबी होता, आणि ज्या संगणकावर अपग्रेड अडकले त्यावर वापर १०० टक्के दिसत होता.

असे वेगळे पार्टिशन सगळीकडे नसते. डेबियन बसवताना डिस्कच्या मांडणीचा जो प्रश्न येतो, तिथे ‘एलव्हीएम’ (डिस्कची जागा लवचीकपणे विभागणारी पद्धत) किंवा ‘एन्क्रिप्टेड एलव्हीएम’ (तीच पद्धत, पण डिस्क कूटबद्ध करून) हा पर्याय निवडला, तर इन्स्टॉलर बूटसाठी छोटे पार्टिशन वेगळे काढतो. यामागे कारण आहे. संगणक सुरू होताना ग्रब हा छोटा प्रोग्रॅम कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या मुख्य भागाची, फाइल वाचतो, आणि त्याला ती सहज वाचता येईल अशा साध्या जागी ठेवणे सुरक्षित मानले जात असे. त्या काळी कर्नलच्या फाइली लहान असल्यामुळे पाव जीबीची जागा भरपूर वाटत होती.

जागा कुठे जाते

प्रत्येक कर्नलमागे बूट पार्टिशनमध्ये मुख्यतः दोन मोठ्या फाइली असतात. एक म्हणजे खुद्द कर्नल, जिचे नाव ‘व्हीएमलिनझ’ने सुरू होते, आणि दुसरी ‘इनिटआरडी’. ही दुसरी फाइल म्हणजे संगणक सुरू होताना काही सेकंदांपुरती वापरली जाणारी छोटी फाइल व्यवस्था असते. डिस्क ओळखण्यासाठी लागणारे ड्रायव्हर, एलव्हीएम उघडण्याची साधने, आणि डिस्क कूटबद्ध असल्यास पासवर्ड विचारण्याची सोय तिच्यात असते. डेबियनच्या मूळ सेटिंगनुसार या फाइलमध्ये आपल्या संगणकापुरते नव्हे, तर बहुतेक सर्व प्रकारच्या संगणकांना लागू शकतील असे ड्रायव्हर भरले जातात. शिवाय ग्राफिक्स कार्डचे फर्मवेअर बसवलेले असेल, तर त्यातील भागही तिच्यात येतो. डेबियन १० मध्ये आमच्याकडे एका कर्नलच्या संचाला ३५ एमबीच्या आसपास जागा लागत होती; १३ मध्ये तोच संच दुपटीहून मोठा झाला.

आता २३६ एमबीचा हिशेब मांडून पाहावा. चालू कर्नल एक, त्याआधीचा एक, आणि अपग्रेडमध्ये येणारा नवा एक, असे तीन संच झाले. त्यातच, रोजच्या सुरक्षा अपडेटमधून येणारे नवे कर्नल ‘ॲप्ट’ या पॅकेजे हाताळणाऱ्या प्रोग्रॅमची ‘ॲप्ट अपग्रेड’ ही कमांड बसवते. जुने काढण्यासाठी ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ ही वेगळी कमांड द्यावी लागते, आणि ती बहुतेक जण कधीच देत नाहीत. अभ्यासिकेतील एका संगणकावर असे चार कर्नल साठले होते.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही आणि तीच सर्वाधिक घात करते. इनिटआरडी फाइल नव्याने तयार होते तेव्हा जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी लिहिली जात नाही. जुनी जागेवर असतानाच नवी तिच्याशेजारी तात्पुरत्या नावाने लिहिली जाते, आणि ती पूर्ण झाल्यावरच जुनीची जागा घेते. मध्येच वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहावी यासाठी ही योजना आहे. मात्र त्यामुळे पार्टिशनमध्ये अंतिम गरजेपेक्षा एका इनिटआरडी फाइलइतकी जास्त जागा कायम मोकळी असावी लागते. वापर ८० टक्के दिसत असतानाही अपग्रेड का अडकते, याचे उत्तर येथे आहे.

डेबियन १३ ची अधिकृत प्रकाशन टिपणेही याबाबत स्पष्ट आहेत: अपग्रेडपूर्वी बूट पार्टिशन किमान ७६८ एमबीचे असावे आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावेत. डेबियन १० किंवा त्याआधीच्या आवृत्तीपासून चालत आलेल्या संगणकांना ही अडचण येण्याचा संभव अधिक आहे, असाही इशारा त्यांत दिला आहे.

अपग्रेड अडकलेले असताना

सर्वांत आधी, संगणक रीस्टार्ट करू नये. चालू असलेला कर्नल मेमरीत असतो, त्यामुळे बूट पार्टिशन भरले असले तरी संगणक काम करत राहतो. रीस्टार्ट केल्यास मात्र ग्रब नव्या, अर्धवट बसलेल्या कर्नलकडे जाण्याची शक्यता असते.

नंतर ‘यूनेम -आर’ ही कमांड देऊन सध्या कोणता कर्नल चालू आहे ते पाहावे आणि तो आकडा चक्क कागदावर लिहून ठेवावा. मग ‘डीपीकेजी --लिस्ट’ आणि पुढे ‘लिनक्स-इमेज*’ असे दिल्यावर कर्नलच्या पॅकेजांची यादी येते. ज्या ओळींच्या सुरुवातीला ‘आयआय’ आहे ती पॅकेजे नीट बसलेली असतात, ‘आरसी’ असलेली आधीच काढलेली असतात, आणि ‘आयएफ’ असलेले पॅकेज म्हणजे जे अर्धवट राहिले ते. काढायचे ते ‘आयआय’ असलेल्यांपैकी सर्वांत जुने. चालू कर्नल काढायचा नाही, आणि ज्याच्या नावात आवृत्तीचा आकडाच नाही ते ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ हे पॅकेजही काढायचे नाही. त्यात कर्नल नसतो, पण पुढचे सुरक्षा अपडेट घेऊन येणारे तेच असते.

या अवस्थेत ‘ॲप्ट’ सहसा हातभार लावत नाही. जुना कर्नल काढायला सांगितले की तो आधी अर्धवट काम पुरे करू पाहतो, त्यासाठी इनिटआरडी लिहायला घेतो, जागा नाही म्हणून थांबतो आणि काढण्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून एक पायरी खाली उतरून ‘डीपीकेजी --पर्ज’ आणि पुढे जुन्या पॅकेजचे आवृत्तीसह पूर्ण नाव अशी कमांड द्यावी. चुकून चालू कर्नलचेच नाव दिले गेले, तर डेबियन एक प्रश्न विचारतो, आणि त्याची रचना नीट वाचण्यासारखी आहे: ‘कर्नल काढणे रद्द करायचे का?’ असे तो विचारतो. म्हणजे ‘हो’ म्हटल्यास कर्नल वाचतो आणि ‘नाही’ म्हटल्यास तो जातो. घाईत उलटे उत्तर दिलेले मी पाहिले आहे.

काढण्यासारखा जुना कर्नलच शिल्लक नसेल, तर जागा करण्याचा दुसरा मार्ग आहे. जो कर्नल चालू नाही त्याची इनिटआरडी फाइल ‘एमव्ही’ कमांडने बूट पार्टिशनमधून काढून ‘/रूट’ या फोल्डरमध्ये तात्पुरती हलवावी. ‘आरएम’ने पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मी तो देणार नाही; हलवलेली फाइल परत आणता येते, पुसलेली येत नाही, आणि दोन्हींना वेळ तितकाच लागतो.

जागा झाली की ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ द्यावे. ही कमांड अर्धवट राहिलेली सर्व पॅकेजे पुरी करते. दुपारी भारनियमनात वीज जाऊन अपग्रेड तुटले असेल, तरी सुरुवात हिच्यापासूनच करावी. त्यानंतर ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, मग पुन्हा ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’, आणि शेवटी ‘अपडेट-ग्रब’. नवी इनिटआरडी तयार झाल्याची ओळ कोणत्याही त्रुटीशिवाय दिसली आणि बूट फोल्डरमध्ये नव्या आवृत्तीच्या दोन्ही फाइली असल्याची खात्री झाली, की मगच रीस्टार्ट करावे.

रीस्टार्ट आधीच केले असेल तर

‘कर्नल पॅनिक’ असे लिहिलेला काळा पडदा आणि त्यात ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ हे शब्द दिसत असतील, तर बहुधा कर्नल आहे, पण त्याची इनिटआरडी नाही किंवा अपुरी आहे. माहिती सुरक्षित असते, त्यामुळे घाबरून डिस्क फॉरमॅट करू नये. संगणक पुन्हा सुरू करून ग्रबच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडावे आणि आतील यादीतून आधीचा कर्नल घ्यावा. तो चालला की वर सांगितलेली सर्व कामे तिथून करता येतात.

आधीचा कर्नलही चालत नसेल, तर डेबियन इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावावा आणि त्याच्या मेनूतील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून ‘रेस्क्यू मोड’ निवडावा. लाइव्ह पेनड्राइव्हवरून हाताने पार्टिशन जोडत बसण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी सोपा वाटतो, कारण एलव्हीएम तो स्वतः ओळखतो, डिस्क कूटबद्ध असल्यास पासवर्ड विचारतो आणि आपल्या बसवलेल्या प्रणालीच्या आत थेट टर्मिनल उघडून देतो. बूट पार्टिशन जोडायचे का, असे विचारल्यास ‘हो’ म्हणावे. ते न जोडता केलेली दुरुस्ती भलत्याच जागी लिहिली जाते.

कायमचा उपाय

जुने कर्नल काढत राहणे हा तात्पुरता उपाय झाला. कायमच्या उपायासाठी मला तीन मार्ग माहीत आहेत आणि तिन्ही मी वेगवेगळ्या संगणकांवर वापरले आहेत.

पहिला मार्ग इनिटआरडी लहान करण्याचा. ‘/ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स’ या फोल्डरमध्ये ‘इनिट्रॅमएफएस.कॉन्फ’ ही फाइल आहे. तिच्यात ‘मॉड्यूल्स=मोस्ट’ अशी ओळ असते. फाइलमध्ये ‘मॉड्यूल्स’ हा शब्द मोठ्या अक्षरांत आहे, तो तसाच ठेवावा. ‘मोस्ट’च्या जागी ‘डेप’ लिहावे आणि ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’ द्यावे. आता फाइलमध्ये फक्त याच संगणकाला लागणारे ड्रायव्हर येतात आणि तिचा आकार लक्षणीयरीत्या उतरतो. याच फाइलमध्ये संकोचनाची पद्धतही बदलता येते. ‘एक्सझेड’ पद्धतीने फाइल आणखी लहान होते, मात्र ती तयार करायला आणि सुरू होताना उलगडायला जुन्या प्रोसेसरला जास्त वेळ लागतो. आमच्याकडे ‘डेप’ पुरेसे ठरल्यामुळे तो बदल ठेवला नाही.

या मार्गाची किंमत ठाऊक असावी. ‘डेप’ने तयार केलेली फाइल त्या संगणकाशी बांधलेली असते. एका संगणकाचा मदरबोर्ड गेला म्हणून त्याची डिस्क मी शेजारच्या वेगळ्या चिपसेटच्या संगणकात लावली, तेव्हा ती सुरू होईना. नव्या संगणकाच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर फाइलमध्ये नव्हता, इतकेच कारण होते. डिस्क हलवायची असल्यास आधी ‘मोस्ट’ परत लिहून फाइल नव्याने तयार करावी.

दुसरा मार्ग वेगळे बूट पार्टिशनच रद्द करण्याचा, आणि डिस्क कूटबद्ध नसेल, साधी एलव्हीएम असेल, तर मी हाच सुचवेन. ग्रबला एलव्हीएममधील फाइली वाचता येतात, त्यामुळे बूट फोल्डर मुख्य पार्टिशनमध्ये ठेवल्यास जागेचा प्रश्न कायमचा मिटतो. त्यासाठी मुख्य पार्टिशनवर किमान १ जीबी मोकळी असावी. ‘सीपी -ए’ कमांडने संपूर्ण बूट फोल्डरची नक्कल मुख्य पार्टिशनवर वेगळ्या नावाने करावी, ‘यूमाउंट /बूट’ने जुने पार्टिशन सोडवावे, आता रिकामे दिसणारे मूळ बूट फोल्डर ‘आरएमडायर’ने काढावे आणि नकलेला ‘बूट’ हे नाव द्यावे. मग ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फाइलमध्ये बूटच्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह (#) टाकून ती ओळ निष्क्रिय करावी. शेवटी ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि पुढे डिस्कचे नाव, बहुधा ‘/डेव्ह/एसडीए’, आणि मग ‘अपडेट-ग्रब’. या क्रमात बदल करू नये, कारण ‘ग्रब-इन्स्टॉल’ त्या क्षणी बूट फोल्डर कुठे आहे ते पाहून एलव्हीएमचे मॉड्यूल घ्यायचे की नाही हे ठरवतो. हे सारे जुन्या बायोस संगणकांना लागू आहे. यूईएफआय, म्हणजे बायोसची जागा घेतलेली नवी व्यवस्था, असलेल्या संगणकावर बूटच्या आत ‘ईएफआय’चे आणखी एक पार्टिशन जोडलेले असते, ते आधी सोडवावे आणि नंतर परत जोडावे लागते. जुने बूट पार्टिशन लगेच पुसू नये. संगणक तीन-चार वेळा नीट सुरू होऊ द्यावा.

एक अडथळा येऊ शकतो. डिस्कची मांडणी विंडोज एक्सपीच्या काळात झालेली असेल, तर पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होते आणि ग्रबला बसायला त्याच्याआधी जेमतेम ३१ केबी जागा उरते. एलव्हीएमचे मॉड्यूल घेऊन ग्रब तेवढ्यात मावत नाही आणि जागा फार लहान असल्याचा संदेश येतो. ‘एफडिस्क -एल’ दिल्यावर दिसणाऱ्या यादीत पहिल्या पार्टिशनची सुरुवात २०४८ असेल, तर निश्चिंत असावे.

तिसरा मार्ग नव्याने बसवण्याचा. एन्क्रिप्टेड एलव्हीएम असलेल्या संगणकावर बूट पार्टिशन वाढवण्यासाठी बाकी सर्व पार्टिशन सरकवावी लागतात. बाहेरच्या डिस्कवर प्रत घेऊन, बूटसाठी १ जीबी ठेवून पुन्हा बसवणे त्यापेक्षा कमी जोखमीचे आहे. इन्स्टॉलरमध्ये मराठी भाषा हवी असल्यास मेनूतील ‘ग्राफिकल इन्स्टॉल’ निवडावे. केवळ अक्षरांच्या इन्स्टॉलरमध्ये देवनागरी भाषा येत नाहीत.

डिस्क बदललेल्या संगणकावरील ग्रब

जुन्या संगणकाला नवे आयुष्य देण्यासाठी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावणे ही फार चांगली सुधारणा आहे, आणि बहुतेक जण जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर करतात. संगणक लगेच सुरू होतो, कित्येक महिने चालतो, आणि एखाद्या अपग्रेडनंतर अचानक ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच लिहिलेला पडदा येतो. त्यासोबत ‘सिम्बॉल’ आणि ‘नॉट फाउंड’ असे शब्द असलेली ओळ असते. बूट पार्टिशन भरण्याच्या समस्येशी याची गल्लत होते, पण कारण निराळे आहे.

ग्रब कोणत्या डिस्कच्या सुरुवातीला लिहायचा, हे डेबियन त्या डिस्कच्या मॉडेल आणि अनुक्रमांकावरून लक्षात ठेवतो. नक्कल केल्यावर ती नोंद जुन्या हार्ड डिस्कचीच राहते. अपग्रेडमध्ये ग्रबची मॉड्यूल्स बूट फोल्डरमध्ये नवी येतात, परंतु एसएसडीच्या सुरुवातीला लिहिलेला मूळ भाग जुनाच राहतो, कारण ज्या डिस्कवर तो लिहायचा ती आता संगणकात नसते. जुना गाभा आणि नवी मॉड्यूल्स यांचा मेळ बसत नाही. नक्कल केल्यावर त्याच दिवशी ‘डीपीकेजी-रिकॉन्फिगर ग्रब-पीसी’ देऊन, येणाऱ्या यादीत नवी डिस्क स्पेसबारने निवडली, तर ही वेळ येत नाही. यादीत पार्टिशनही दिसतात. निवडायची ती पूर्ण डिस्क. वेळ आलीच असेल, तर रेस्क्यू मोडमधील ग्रब पुन्हा बसवण्याच्या पर्यायाने संगणक सुरू करून मग हेच करावे.

अपग्रेड सुरू करण्यापूर्वी तपासायचे आणखी काही

डेबियन १३ चे प्रकाशन ९ ऑगस्ट २०२५ रोजी झाले आणि त्यात ३२ बिट संगणकांसाठी कर्नल व इन्स्टॉलर देणे थांबले. म्हणून ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ ही कमांड देऊन पाहावी. उत्तर ‘आय३८६’ आले, तर १३ कडे अपग्रेड करू नये. मग ‘एलएससीपीयू’ द्यावे. त्यात ३२ आणि ६४ असे दोन्ही बिट लिहिले असतील, तर संगणक ६४ बिटच आहे आणि कोणीतरी त्यावर ३२ बिट आवृत्ती बसवलेली आहे. २ जीबी मेमरीच्या कोअर २ डुओ संगणकांवर हे वारंवार आढळते. अशा वेळी ६४ बिट आवृत्ती नव्याने बसवावी. २००८ च्या सुमाराच्या छोट्या नेटबुकमधील ॲटम एन२७० प्रोसेसर मात्र खरोखरच ३२ बिट आहे. त्याला डेबियन १२ वरच ठेवावे. १२ चा दीर्घकालीन सपोर्ट ३० जून २०२८ पर्यंत आहे.

डेबियनमध्ये एक आवृत्ती ओलांडून पुढे जाता येत नाही. ११ वरून आधी १२ आणि मग १३ असेच जावे लागते. ॲप्टच्या स्रोतांच्या फाइलमध्ये ‘स्टेबल’ हा शब्द नसावा, आवृत्तीचे नाव असावे: १२ साठी ‘बुकवर्म’, १३ साठी ‘ट्रिक्सी’. ‘स्टेबल’ असल्यास नवी आवृत्ती प्रकाशित झाल्यानंतर साध्या अपडेटच्या नावाखाली संपूर्ण अपग्रेड सुरू होते, तेही वर सांगितलेली कोणतीही तयारी झालेली नसताना. ११ वरून येणाऱ्यांनी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा नवा विभाग त्या फाइलमध्ये जोडावा; तो १२ पासून वेगळा झाला, आणि न जोडल्यास वायफायच्या फर्मवेअरला पुढचे अपडेट मिळत नाहीत. प्रत्यक्ष अपग्रेड दोन पायऱ्यांत करावे: आधी ‘ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस’, नंतर ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’.

१३ मध्ये तात्पुरत्या फाइलींचा ‘/टीएमपी’ फोल्डर मेमरीत राहतो आणि मेमरीच्या निम्म्यापर्यंत जागा घेऊ शकतो. आमच्या २ जीबीच्या संगणकांवर मोठी पीडीएफ उघडताना हे जाणवू लागले, तेव्हा ‘सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट’ देऊन रीस्टार्ट केले आणि तो फोल्डर पूर्वीप्रमाणे डिस्कवर आला.

आता घड्याळ. जुन्या मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी संपलेली असली, की वीज गेल्यावर संगणकाची तारीख मागे जाते. तारीख चुकीची असताना ‘ॲप्ट अपडेट’ दिल्यास रिलीज फाइल ‘नॉट व्हॅलिड येट’, म्हणजे अजून वैध झालेली नाही, असा संदेश येतो; ब्राउझरही प्रमाणपत्रे नाकारतो. अनेक जण इथे सर्व्हर बदलत बसतात. इंटरनेट जोडलेले असेल तर थोड्या वेळात तारीख आपोआप सुधारते, नसेल तर ‘डेट’ कमांडने हाताने द्यावी.

परंतु बॅटरी संपण्याचा खरा फटका वेगळ्याच ठिकाणी बसतो. तारखेसोबत बायोसची सारी सेटिंग मूळ अवस्थेत जातात, आणि आमच्या मदरबोर्डवर त्या मूळ अवस्थेत डिस्कशी संपर्क साधण्याची पद्धत ‘एएचसीआय’ऐवजी ‘आयडीई’ असते. दोन्ही पद्धतींचे ड्रायव्हर निराळे आहेत. ज्या संगणकावर मी इनिटआरडी ‘डेप’ने लहान केली होती, तो रात्रभर वीज नसल्यानंतर सकाळी सुरू झाला नाही, रूट डिव्हाइसची वाट पाहणे सोडले असे सांगून तो ‘इनिट्रॅमएफएस’च्या टर्मिनलवर थांबला. फाइलमध्ये फक्त एएचसीआयचा ड्रायव्हर होता आणि बायोस आयडीईवर गेला होता. बायोसमध्ये पद्धत परत बदलताच संगणक सुरू झाला. म्हणून ‘डेप’ लिहिण्यापूर्वी नवी बॅटरी बसवावी, आणि बायोसमधील डिस्कची पद्धत कोणती आहे ते एका चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या खोक्याला आतून चिकटवावे.